वस्तीतला अंधार आणि सरकारी निधी: मुंबईतल्या मंडळांनी कामाला कुठून लागावं

आमची वस्ती विक्रोळीच्या डोंगरावर. खाली रिक्षा सोडली की घरापर्यंत शंभराच्या वर पायऱ्या. मधल्या वळणावर सार्वजनिक शौचालय आणि त्याच्या मागे एक बोळ. सेकंड शिफ्ट करून येणाऱ्या मुलींचे मोबाइल तिथेच खेचले जायचे, गर्दुल्ले तिथेच बसायचे, आणि रात्री दहानंतर बायका शौचालयाला जायचं टाळायच्या. पाणी कमी प्यायच्या, सकाळपर्यंत कळ काढायच्या.

आमच्या महिला मंडळानं एक अर्ज केला. ‘वस्तीत सीसीटीव्ही कॅमेरे बसवून मिळावेत ही नम्र विनंती’, खाली चाळीस सह्या. अकरा महिने तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि शेवटी परत आला. तेव्हा राग आला होता. पुढे अशी तीन कामं मंजूर करून घेतली, तेव्हा कळलं की त्या कागदावर कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. सरकारी कार्यालय कुठल्याही निधीसाठी तीनच गोष्टी विचारतं: काम नेमकं कुठे करायचं, ती जागा कुणाची, आणि झालेलं काम पुढे सांभाळणार कोण? आमच्या अर्जात तिन्हींची उत्तरं नव्हती.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या मंडळांचे, चाळ कमिट्यांचे ते अकरा महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी रात्री फिरा

अर्ज लिहायला बसण्याआधी दोन रात्री वस्ती पायाखालून घाला. एक कामाच्या दिवशी, एक शनिवार-रविवारी. वेळ रात्री साडेनऊ ते बारा. सोबत पाच-सहा बायका, दोन तरुण मुलं आणि एखादे जुने काका असू द्या, कारण कुठल्या बोळात पूर्वी काय घडलं ते त्यांनाच ठाऊक असतं. एका मोठ्या कागदावर वस्तीचा हातानं नकाशा काढा आणि त्यावर खुणा करा: दिवा आहे पण बंद, दिवाच नाही, कोपरा आंधळा आहे, शौचालयाचं दार किंवा कडी तुटली आहे, कचऱ्याचा ढीग, पडकी खोली.

बायकांना आणि मुलींना वेगळं बसवून विचारा. पुरुषांसमोर त्या ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. आमच्याकडे पुरुषांच्या यादीत पहिला क्रमांक चोरीचा होता. बायकांच्या यादीत पहिलं होतं शौचालयाचं दार. दोन्ही जागा एकाच बोळात होत्या, हे नकाशा समोर ठेवल्यावरच दिसलं.

यादी झाली की तिचे दोन भाग करा. एक तक्रारीचा, दुसरा निधीचा. बंद दिव्यासाठी निधी लागत नाही, तक्रार पुरते. प्रत्येक खांबावर क्रमांक असतो, तो टिपून घ्या. मुंबई शहर भागात रस्त्यावरचे दिवे बेस्ट सांभाळते, उपनगरांत बऱ्याच ठिकाणी अदानी इलेक्ट्रिसिटी, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. महापालिकेच्या तक्रारी १९१६ वर नोंदवता येतात. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आमच्या यादीतल्या सतरा खुणांपैकी आठ अशा नुसत्या तक्रारींनीच मिटल्या. पुढे निधीच्या अर्जाला या तक्रारींचे क्रमांक जोडले, त्याचा मोठा उपयोग झाला. जे तक्रारीनं होण्यासारखं होतं ते यांनी आधीच करून घेतलंय, हे समोरच्या अधिकाऱ्याला कागदावर दिसलं.

२. जागा कुणाची ते शोधा

मुंबईत सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

आपण ‘आमची वस्ती’ म्हणतो, पण तिच्याखालची जमीन महापालिकेची असेल, म्हाडाची असेल, जिल्हाधिकाऱ्यांची असेल, रेल्वेची, वन खात्याची, विमानतळाची, मिठागराची किंवा कुणा खासगी मालकाची असेल. एकाच वस्तीत दोन मालक असणं तर नेहमीचंच. खांब, खोली, शौचालय, कॅमेऱ्याचा पोल असं काहीही जमिनीवर उभं करायचं तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. ते नसेल तर आमदारांनी कितीही जोरदार शिफारस केली तरी फाइल थांबते. केंद्र सरकारच्या खात्याची जमीन असेल तर ना-हरकत मिळवायलाच वर्ष जाऊ शकतं, ते गृहीत धरून चाला.

उपनगरात जमिनीची ओळख सीटीएस क्रमांकाने होते. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, त्यावर धारकाचं नाव असतं. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरही मालमत्ता पत्रक मिळतं. शहर भागात सीएस क्रमांक चालतो आणि त्याच्या नोंदी मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. सोबत वॉर्ड ऑफिसमधून विकास आराखड्याचा शेराही घ्या. जागेवर रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण असेल तर पक्कं बांधकाम मंजूर होणं कठीण, आणि ते आधीच कळलेलं बरं.

आमचं उदाहरण सांगते. कॅमेऱ्याच्या पोलसाठी जो कोपरा धरला होता, तो वन खात्याच्या हद्दीत निघाला. चार महिने गेल्यावर हे कळलं. मग पोल बारा पावलं खाली, महापालिकेच्या पायऱ्यांलगत घेतला आणि काम मार्गी लागलं. त्या बारा पावलांनी बोळाचं तोंड दिसायचं काही बंद झालं नाही.

गल्ली इतकी अरुंद असेल की खांब उभाच राहणार नाही, तर दिवा घराच्या भिंतीवर ब्रॅकेट लावून बसवतात. अशा वेळी त्या घरमालकाचं साध्या कागदावर संमतीपत्र घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. तोंडी ‘हो’वर विसंबू नका. काम सुरू झाल्यावर घरात भांडण झालं की पहिला नकार त्या ब्रॅकेटलाच मिळतो.

झोपडपट्टी घोषित आहे का, तेही पाहून ठेवा. घोषित वस्तीतल्या पायवाटा, गटारं, शौचालयं, समाजमंदिर अशी बरीच कामं म्हाडाच्या मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळामार्फत होतात. आणि वस्तीत पुनर्वसन प्रकल्पाचं इरादापत्र, म्हणजे प्राथमिक मंजुरीचं पत्र, निघालेलं असेल तर नव्या पक्क्या कामावर प्रश्न येणारच. उद्या पाडायच्या जागी आज खर्च कशाला, असं विचारतात. अशा ठिकाणी हलवता येईल असंच साहित्य मागा.

३. पैसा कुठून येतो ते समजून घ्या

पहिली गोष्ट मनात पक्की करा. यातल्या बहुतेक निधीचा एक रुपयाही मंडळाच्या खात्यात येत नाही. निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेकडे असतो, काम महापालिका, म्हाडा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागासारखी यंत्रणा करते, आणि आपल्या वाट्याला येतं ते तयार काम. ‘आमच्या संस्थेला पाच लाख द्या’ असं पत्र घेऊन लोकप्रतिनिधींकडे गेलात तर हात हलवत परत याल. ‘या जागी हे काम करून द्या’ असं म्हणा.

आमदार स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत, त्यातले १० शहर जिल्ह्यात आणि २६ उपनगर जिल्ह्यात. विधान परिषदेच्या आमदारांनाही हा निधी असतो, हे बऱ्याच मंडळांच्या लक्षातच येत नाही. आपल्या भागातल्या आमदारांचा निधी त्या वर्षी संपला असेल तर तिकडे विचारा.

खासदार निधी. ही योजना १९९३ पासून आहे आणि प्रत्येक खासदारासाठी वर्षाला ५ कोटी रुपये असतात. महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले खासदार राज्यात कुठेही काम सुचवू शकतात. या निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. तुमची वस्ती त्यात बसत असेल तर अर्जात तसं ठळक लिहा. २०२३ पासून या निधीचा कारभार ई-साक्षी पोर्टलवरून चालतो.

नगरसेवक निधी. दिवे, लाद्या, शौचालयाची दुरुस्ती, बाकडी अशा छोट्या कामांना हा सगळ्यात जवळचा. मात्र महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली तेव्हा पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते आणि वस्त्यांना थेट वॉर्ड ऑफिसची पायरी झिजवावी लागली. त्यातून आम्ही एक शिकलो: सहायक आयुक्तांच्या नावाचा अर्ज नेहमी वेगळा करायचा, लोकप्रतिनिधींचं पत्र त्याला जोडायचं.

जिल्हा नियोजन समिती. समितीच्या निधीतून मोठी कामं होतात. मुंबईत दोन जिल्हे आहेत, म्हणून दोन जिल्हाधिकारी आणि दोन नियोजन कार्यालयं. शहराचं फोर्टला जुन्या जकात घरात, उपनगराचं वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत. अर्ज चुकीच्या जिल्ह्यात टाकला तर तो आपोआप दुसरीकडे जाईल या आशेवर राहू नका.

निर्भया निधी. महिलांच्या सुरक्षेसाठी केंद्रानं २०१३ मध्ये १,००० कोटी रुपयांनी हा सुरू केला. त्यातून सेफ सिटी प्रकल्पासाठी देशातली जी आठ शहरं निवडली, त्यांत मुंबई आहे. हा पैसा पोलीस आणि शासनाच्या खात्यांमार्फत खर्च होतो, मंडळांकडे येत नाही. तरीही त्याची माहिती असावी, कारण तुमच्या भागात कॅमेरे किंवा दिवे कुठे लावायचे हे ठरत असेल तर तुमचा नकाशा पोलीस ठाण्यात आधी पोचलेला हवा.

यातला बहुतेक पैसा टिकाऊ, सार्वजनिक वापराच्या गोष्टींसाठी आहे. पगार, कार्यक्रम, मंडप, बक्षिसं, वह्यावाटप यांसाठी तो मागू नका. खासदार निधीतून देवळाच्या, मशिदीच्या आवारात काम होत नाही आणि कुणा व्यक्तीचं नाव वास्तूला देता येत नाही. सोसायटीच्या गेटच्या आतलं काम मागायचं असेल तर त्या वर्षीचा चालू शासन निर्णय वाचूनच पुढे जा. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय मराठीत मिळतात. नियोजन विभाग निवडा, वाचा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा.

४. पोलीस ठाण्याशी बोला, पण हद्द ठरवून

वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना मंडळाच्या तीन-चार जणांनी भेटा, नकाशा दाखवा आणि कॅमेऱ्याच्या किंवा दिव्याच्या जागांबद्दल लेखी अभिप्राय मागा. तो अभिप्राय अर्जाला जोडला की कामाला वजन येतं. बीटवरचे अंमलदार बदलत राहतात, म्हणून प्रत्येक नव्या माणसाला नकाशा पुन्हा दाखवावा लागतो. कंटाळू नका.

पोलीस आणि रहिवाशांनी मिळून करायच्या या कामाची मुंबईला जुनी ओळख आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्याआधी भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी हीच वाट दाखवली होती. तिथे कॅमेरे नव्हते, पैसाही फारसा नव्हता. वेगवेगळ्या धर्मांची माणसं पोलिसांसोबत नियमित एका सतरंजीवर बसत होती. आजही आमच्या भागात कॅमेऱ्यापेक्षा दर महिन्याची बैठक जास्त काम करते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कॅमेरे मागणार असाल तर आधी लेखी ठरवा: चित्रण कुठे साठणार, किती दिवस राहणार, पासवर्ड कुणाकडे आणि ते पाहायचं कुणी? आमच्याकडे यंत्र कुलूपबंद पेटीत आहे, किल्ल्या दोन बायकांकडे आहेत, आणि पोलिसांचं पत्र आल्याशिवाय चित्रण कुणाला दाखवत नाही. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या दारात, मोरीत किंवा शौचालयाच्या दारावर असता कामा नये.

आणि हे फार कळकळीनं सांगते. पकडलेल्या मुलाचा फोटो वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या वस्तीत एका चौदा वर्षांच्या मुलाचा फोटो असाच फिरला. चोरी त्यानं केलीच नव्हती, हे दोन दिवसांत सिद्ध झालं. तरी त्यानं शाळेत जाणं सोडलं, आणि त्याला परत वर्गात बसवायला आम्हाला एक वर्ष लागलं.

५. अर्ज असा लिहा

एका अर्जात एकच काम. विषय एका ओळीत. पत्त्यात सीटीएस क्रमांक, जवळची खूण आणि खांबाचा क्रमांक. आमच्या दुसऱ्या, मंजूर झालेल्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता:

‘विषय: सार्वजनिक शौचालयामागील पायवाटेवर चार दिवे बसवण्याबाबत. महोदय, वरील पायवाट सुमारे ६० मीटर लांब असून रात्री पूर्ण अंधारात असते. तिचा वापर सुमारे दोनशे कुटुंबं करतात. जागा महापालिकेची असून मालमत्ता पत्रक सोबत जोडले आहे. याबाबत यापूर्वी नोंदवलेल्या तक्रारींचे क्रमांक, पोलीस ठाण्याचा अभिप्राय, नकाशा व रात्रीची छायाचित्रे जोडली आहेत. दोन दिवे भिंतीवर बसवावे लागतील, त्या घरमालकांची संमतीपत्रे सोबत आहेत. दिव्यांची देखरेख व बिघाडाची तक्रार मंडळ करील.’

एवढं पुरतं. ‘गुन्हेगारी बोकाळली आहे’, ‘प्रशासन झोपले आहे’ असली वाक्यं काढून टाका. ज्यांनी आपला कागद पुढे न्यायचा, त्यांनाच पहिल्या ओळीत दुखवून काय मिळवणार?

सोबत जोडायचे कागद:
मालमत्ता पत्रक आणि जमीनमालकाचं ना-हरकत पत्र,
हाताने काढलेला नकाशा,
त्याच जागेचे दिवसाचे व रात्रीचे फोटो,
जुन्या तक्रारींचे क्रमांक,
पोलिसांचा अभिप्राय,
रहिवाशांच्या सह्या घर क्रमांकासह,
देखभालीचं हमीपत्र,
मंडळ नोंदणीकृत असेल तर नोंदणी प्रमाणपत्र.

तीन प्रती काढा. एक लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात, एक वॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा नियोजन कार्यालयाला, आणि एक स्वतःकडे. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘साहेबांना देतो’ म्हणून हातोहात घेतलेला कागद दिला न दिल्यासारखाच.

६. फाइल कुठून कुठे जाते

लोकप्रतिनिधींचं शिफारस पत्र नियोजन कार्यालयात जातं. तिथून यंत्रणेला विचारणा होते. कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येतो आणि अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), आणि शेवटी काम. आपल्या हातात असलेली एकच पायरी म्हणजे अभियंत्याची भेट. त्या दिवशी वस्तीतल्या दोघांनी तरी रजा टाकून हजर राहा. अंदाजपत्रकात जे लिहिलं गेलं तेच होतं. त्या दिवशी आम्ही नसतो तर चौथा दिवा बोळाच्या तोंडाशी न लागता हमरस्त्यावर लागला असता.

वेळेच्या तीन गोष्टी जपा. पहिली मार्च अखेर: निधीचा हिशेब आर्थिक वर्षावर चालतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये प्रस्ताव आत असेल तर वर्ष हाताशी राहतं, जानेवारीत दिलात तर बहुधा पुढच्या वर्षावर जातो. दुसरी आचारसंहिता: निवडणूक जाहीर झाली की नव्या कामांच्या मंजुऱ्या थांबतात. कार्यादेश निघून काम प्रत्यक्ष सुरू झालेलं असेल तर ते चालू राहू शकतं. तिसरी पावसाळा: केबलसाठी खोदायचं असेल तर ते मे संपायच्या आत उरकायला हवं, पुढे खोदाईला परवानगी मिळणं मुश्कील.

दर पंधरा दिवसांनी एकदा विचारणा करा, आणि एकाच माणसानं करा. आमच्याकडे हे काम एका निवृत्त बेस्ट कंडक्टर काकांकडे होतं. ते वहीत तारीख, भेटलेल्या माणसाचं पद आणि मिळालेलं उत्तर लिहायचे. ती वही पाहून एका अधिकाऱ्यांनी स्वतः फाइल शोधून दिली.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझं काम का होत नाही’ असं विचारू नका, तो माहितीचा प्रश्न नाही. ‘आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा.

या टप्प्यावर मध्यस्थ भेटतात. ‘निधी आणून देतो, दहा टक्के द्या.’ आमच्याकडेही एक आला होता, हातात आमच्याच अर्जाची झेरॉक्स घेऊन. मंजुरीसाठी रहिवाशांनी कुणाला काही द्यायचं नसतं. अशा माणसाशी एकट्यानं बोलू नका, बैठकीत सगळ्यांसमोर बोलवा. आमचा तो त्यानंतर परत आला नाही.

७. काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. खांबाची उंची, दिव्याचे वॅट, केबलची लांबी सगळं त्यात असतं. काम चालू असताना रोज एक फोटो काढा. काम संपलं की जागेवर फलक लागायला हवा: योजनेचं नाव, वर्ष, खर्च, यंत्रणा. ठेकेदार ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सही मागेल. सगळे दिवे एक आठवडा रात्रभर पेटलेले पाहिल्याशिवाय ती देऊ नका. आम्ही पहिल्यांदा काम संपल्याच्या संध्याकाळीच सही दिली, आणि तिसऱ्या दिवशी दोन दिवे गेले.

८. सेवा चालवायच्या असतील तर संस्था पक्की हवी

अभ्यासिका, व्यसनमुक्ती, समुपदेशन, बालवाडी अशा सेवांसाठी मिळणारं अनुदान मात्र संस्थेच्या खात्यात येतं, आणि इथे नियम एकदम बदलतात. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली हवी. किमान सात सभासद लागतात. पॅन, स्वतंत्र बँक खातं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि केंद्राच्या योजनांसाठी एनजीओ दर्पण या केंद्राच्या संस्था-नोंदणी पोर्टलवरचा क्रमांक. अमली पदार्थांविरुद्धच्या कामासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजना आहेत, त्यांचे अर्ज ई-अनुदान पोर्टलवर जातात. नव्या मंडळाला पहिल्या वर्षी यातलं काही मिळत नाही, हे मान्य करून तीन वर्षं हिशेब स्वच्छ ठेवायला लागा.

सगळ्यात मोठा खड्डा बदल अर्जाचा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली तो द्यावा लागतो. आमच्या जुन्या सेक्रेटरी खोली विकून बदलापूरला गेल्या, दोन निवडणुका झाल्या, आणि कागदोपत्री त्याच सेक्रेटरी राहिल्या. बँकेनं नव्या सह्या घेतल्या नाहीत, आणि आलेली एक संधी आम्ही गमावली. वरळीच्या धर्मादाय कार्यालयात हेलपाटे घालून ते सरळ करायला दीड वर्ष लागलं. आज घरी जाऊन तुमच्या संस्थेच्या शेवटच्या मंजूर बदल अर्जावर कुणाची नावं आहेत ते बघा.

अनुदान मिळालंच तर ज्या शीर्षाखाली आलं त्याच शीर्षाखाली खर्चा. पुस्तकांचे पैसे पंख्याला वापरले तर हेतू कितीही चांगला असो, हिशेबात ते चूकच. त्यावर मिळालेलं बँकेचं व्याजही आपलं नसतं, केंद्राच्या अनुदानात ते परत करायचं असतं. वर्षाअखेर सनदी लेखापालाच्या सहीनं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, द्यावं लागतं. केंद्राच्या अनुदानासाठी त्याचा ठरलेला नमुना आहे, जीएफआर १२-अ. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. अनुदानातून घेतलेल्या कपाट-संगणकाची वेगळी नोंदवही ठेवा, परवानगीशिवाय त्यातलं काही विकता येत नाही. आणि हप्ते उशिरा येतात. शिकवणाऱ्या ताईंना मानधनाचा शब्द देण्याआधी चार महिन्यांची तजवीज गाठीशी ठेवा.

अनुदान नसलं तरी एवढं तर आजही करता येतं: पायऱ्यांच्या तोंडाशी एक मोठा फलक रंगवा. पोलीस ११२, महिलांसाठी मुंबई पोलिसांची मदत १०३, मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, ज्येष्ठांसाठी १४५६७, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. आमच्याकडे तो रंगवायला सहाशे रुपये लागले.

९. देखभाल आधी ठरवा

मुंबईतल्या कितीतरी वस्त्यांत निधीतून आलेली व्यायामशाळा कुलूपबंद आहे आणि कॅमेऱ्यांवर धूळ आहे. वस्तू आली, तिचं वीजबिल कुणी भरायचं ते ठरलं नाही. रस्त्यावरच्या दिव्याचं बिल यंत्रणा भरते. पण कॅमेरा, अभ्यासिकेतला पंखा, शौचालयाच्या आतला दिवा यांचा मीटर कुणाच्या नावावर असणार, हे अर्ज करायच्या आधीच्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. एका माणसाच्या घरातून वायर ओढून काम भागवू नका. त्याच्याशी भांडण झालं की वस्ती अंधारात.

कॅमेऱ्यांचा देखभाल करार किती वर्षांचा, हेही निविदेच्या वेळीच विचारा. तो संपला की दुरुस्ती मंडळाच्या गळ्यात येते. आम्ही दर घरामागे महिन्याला वीस रुपये घेतो. पावती देतो, आणि जमाखर्च शौचालयाच्या भिंतीवर लावतो, कारण तिथे सगळे जातात. दिव्यांची पाळी आठ बायकांमध्ये वाटलेली आहे. जिची पाळी असेल तिनं रात्री नऊला पायऱ्या उतरून वर यायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, किती दिवे चालू, किती बंद, खांबाचा क्रमांक, तक्रार क्रमांक. या आठवड्यात माझी पाळी आहे. काल रात्री चारही दिवे चालू होते, आणि साडेअकराला सेकंड शिफ्टच्या तीन मुली मोबाइलवर बोलत त्याच बोळातून वर आल्या.